काकांनी गडगा घातला, आता पुढे?

प्रिय मुला,

प्रभूच्या नावात सलाम.

ऐन आंब्याच्या दिवसांत काकांनी बागेच्या वाटेवर चिऱ्यांचा गडगा, म्हणजे दगडी कुंपण, घातला आणि पेट्या लांबच्या वाटेने डोक्यावरून आणाव्या लागताहेत, हे कळलं. रात्रीत त्यांच्या पाण्याचा पाइप कापावा असं मनात येतं. शास्त्र वैऱ्यावर प्रीती करा म्हणतं. मग गप्प बसू का, असं विचारलंस. गप्प बसू नकोस आणि पाइपही कापू नकोस.

बायबलात लूकच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात २७ आणि २८ या वचनांत चार आज्ञा आहेत: प्रीती करा, बरं करा, आशीर्वाद द्या, प्रार्थना करा. शेवटच्या तिन्ही राग शिल्लक असतानाही करता येतात. आधी मन साफ होऊ दे म्हणणाऱ्यांची वर्षं तशीच निघून जातात.

सुरुवात प्रार्थनेने कर, पण ‘काकांना सुबुद्धी दे’ ही प्रार्थना नव्हे, ती देवाकडे केलेली तक्रार आहे. त्यांना काय हवंय ते माग. गुडघे दुखत असतील तर गुडघ्यांसाठी. त्यांच्या मोहोरावर तुडतुडा पडला असेल तर तो जावा म्हणून. हे जड जातं, आणि जायलाच हवं. आशीर्वादाचं म्हणशील तर चहाच्या टपरीवर त्यांचा विषय निघाला की आपली भर घालायची नाही, आणि वाटेत भेटले की आधीसारखीच ‘काका’ म्हणून हाक मारायची. त्यांनी मान फिरवली तरी. मत्तयाच्या शुभवर्तमानात येशू विचारतो, आपल्या भाऊबंदांनाच सलाम करत असाल तर विशेष ते काय? तुझ्या बाबतीत वैरी भाऊबंदच निघाला, एवढाच फरक.

आता बरं करणं. निर्गमाच्या २३व्या अध्यायातलं उदाहरण बघ: वैऱ्याचा बैल किंवा गाढव भरकटलेलं दिसलं तर त्याच्याकडे पोचतं कर, गाढव ओझ्याखाली बसलं असेल तर वैऱ्याच्या हाताला हात लावून सोडव. इथे नुकसान वैऱ्याचं आहे, गरज खरी आहे आणि ती तुझ्या डोळ्यांसमोर आली आहे. काकांची गाय तुझ्या बागेत शिरली तर कोंडवाड्यात नेऊ नकोस, त्यांच्या गोठ्यात नेऊन बांध. त्यांच्या काजूत वणवा लागला तर ओल्या पानांचा टाळा घेऊन झोडपायला धाव. नाताळात केकचा डबा पाठवणं मात्र या वर्षी टाळ. नको असलेली भेट संशय वाढवते, आणि दाव्याच्या तारखेच्या तोंडावर दिलेली तर लाच वाटते.

आणखी एका ठिकाणी लोक हमखास घसरतात. रोमकरांस पत्रात प्रेषित पौल नीतिसूत्रांतलं वचन देतो: भुकेल्या वैऱ्याला खायला दे, म्हणजे त्याच्या मस्तकावर निखाऱ्यांची रास करशील. ते ऐकून काहीजण शरमिंदा करण्यासाठीच उपकार करतात आणि गावभर सांगतात. पण पुढचंच वचन बऱ्याने वाइटाला जिंक असं आहे. गाजावाजा केलेला उपकार म्हणजे सूडच, फक्त धुतलेल्या कपड्यांतला.

हक्काचं काय? फिलिप्पै शहरात पौलाचे पाय खोड्यात अडकवणारा तुरुंगाधिकारी भूकंपानंतर जीव द्यायला निघाला, तेव्हा पौलानेच ओरडून त्याला वाचवलं. सकाळी अधिकाऱ्यांनी गुपचूप सुटका करायचं ठरवलं, तेव्हा तोच पौल म्हणाला, आम्हा रोमी नागरिकांना चौकशीविना फटके मारलेत, आता स्वतः येऊन बाहेर काढा. रात्र ते सकाळ एवढ्यात दोन्ही गोष्टी. दया केली म्हणून त्याने अन्यायावर पांघरूण घातलं नाही.

तेव्हा गडगा घातल्याची तारीख लिहून ठेव, फोटो काढ. काका आपल्या ख्रिस्ती मंडळीतलेच आहेत, म्हणजे मत्तय १८ची रीत लागू: आधी एकट्याने जा. गडग्यापाशी नको, त्यांच्या पडवीत. सकाळी, टेप आणि नकाशा घरी ठेवून. जमलं नाही तर दोघांना घेऊन जा, त्यांतला एक तरी काकांच्या विश्वासातला हवा. दोन्ही तुझ्या बाजूचे नेलेस तर तो मोर्चा होतो. तेही जमलं नाही तर मंडळीपुढे मांड. पण वहिवाट अडवल्याचा दावा मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६च्या कलम ५नुसार तहसीलदाराकडे सहा महिन्यांच्या आत लागतो, आणि बोलणी चालू आहेत म्हणून ती मुदत थांबत नाही. तिसऱ्या महिन्यापर्यंत तोडगा नसेल तर अर्ज लिहायला घे आणि काकांना तसं आधी तोंडाने सांग. हात उगारला किंवा धमकी दिली तर मात्र या पायऱ्या सोड, एकट्याने जाऊ नकोस, पोलीस ठाण्यात जा. लांबून प्रार्थना करता येते.

काका बदलतील का, याची हमी शास्त्र देत नाही. संदेष्टा अलीशाने हाती सापडलेल्या शत्रूच्या, अरामी सैन्याला मारू दिलं नाही, मोठी मेजवानी देऊन परत पाठवलं, आणि त्या टोळ्या यायच्या थांबल्या. त्याच्या पुढच्याच वचनात अरामाचा राजा इस्राएलाच्या राजधानीला, शोमरोनाला, वेढा घालतो. पौलही ‘शक्य असेल तर, तुमच्याकडून होईल तितकं’ शांतीने राहा म्हणतो. तुझ्याकडचं तेवढं तू कर.

सातबारा आणि जुन्या मोजणीचा नकाशा आईच्या ट्रंकेत असेल, तर त्यांच्या प्रती या आठवड्यात काढ.

तुझा,
मंडळीतला वडीलधारा