हुरड्याची चव आणि जाणीव

प्रश्न : ज्वारीच्या हुरड्याची चव, दातदुखीची कळ, पळसफुलांचा केशरी रंग यांचे जे खास ‘जाणवणे’ असते, त्याला तत्त्वज्ञानात ‘क्वालिया’ म्हणतात, असे वाचले. मग जाणीवयुक्त अनुभव म्हणजे अशा क्वालियांची बेरीज समजावी का?
— एक वाचक, अंबाजोगाई

उत्तर : बेरीज म्हणणे मला पटत नाही. आगटीभोवती बसून हुरडा खाताना दाण्यांची ऊब, भाजल्याचा वास, गोडसरपणा आणि चटणीचा तिखटपणा एकाच अनुभवात एकवटून येतात. त्यातली एकेक छटा आपण नंतर लक्ष देऊन निराळी काढतो. क्वालिया हे अनुभवाचे सुटे भाग नव्हेत. अनुभव घेणाऱ्याला तो कसा जाणवतो, ही त्याच अनुभवाची बाजू होय. तत्त्वज्ञ टॉमस नेगेल यांनी १९७४ मध्ये हीच बाजू जाणिवेच्या प्रश्नाच्या केंद्रस्थानी आणली : प्रतिध्वनींवरून वाट काढणाऱ्या वटवाघळाचा मेंदू कितीही तपासला, तरी वटवाघूळ असणे त्याला कसे वाटते, हे त्यातून हाती येत नाही.

ही बाजू गळाली तर काय उरते, हे मानसशास्त्रज्ञ लॉरेन्स वाइसक्रान्ट्झ व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच वर्षी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातून दिसते. मेंदूच्या मागच्या, दृष्टीशी संबंधित भागावर शस्त्रक्रिया झालेला त्यांचा रुग्ण दृष्टिक्षेत्राच्या एका बाजूला आपल्याला काही दिसत नाही असे सांगे. पण नुसता अंदाज करायला सांगितले, की तिथल्या प्रकाशाच्या ठिपक्याकडे बऱ्याच अचूकपणे बोट नेई. माहिती मेंदूत पोचत होती, दिसणे मात्र नव्हते. म्हणूनच माहितीवर प्रक्रिया होणे आणि अनुभव असणे यांना मी एक मानत नाही.

खाजगी, अवर्णनीय आणि थेट ज्ञात असे क्वालिया मुळात नसतातच, असे तत्त्वज्ञ डॅनिएल डेनेट यांनी १९८८ मध्ये मांडले. या विशेषणांवरचा त्यांचा आक्षेप मला रास्त वाटतो. तेवढ्याने कळ जाणवते, हे मात्र खोटे ठरत नाही.

विचारालाही स्वतःचा क्वालिया असतो का, यावर एकमत नाही. माझ्या मते असतो. कारण उदगीरच्या बाजारात कानडी बोलणे ऐकताना, ती भाषा जाणणाऱ्याच्या आणि न जाणणाऱ्याच्या कानी तेच ध्वनी पडत असले, तरी दोघांचा अनुभव एकसारखा राहत नाही, आणि हा फरक केवळ आवाजाच्या गुणांनी सांगता येत नाही.