दुसऱ्या नोटिशीसाठी अर्ज करू नका

उत्तर महाराष्ट्रातील एका महानगरपालिकेच्या हद्दीतून शेहेचाळीस भूखंडधारकांच्या संघाच्या सचिवांनी हा प्रश्न विचारला आहे. 1998 साली मंजूर झालेल्या त्यांच्या ले-आउटमधील नऊ मीटर रुंदीच्या रस्त्याचा सातबारा अजून मूळ जमीनमालकाच्या नावावर आहे. यंदा संघाने अर्ज केल्यावर हा रस्ता सार्वजनिक घोषित केल्याची नोटीस 5 फेब्रुवारीला रस्त्याच्या टोकावरील भिंतीवर डकवण्यात आली. मूळ मालकाच्या मुलाला तीच नोटीस टपालाने 24 फेब्रुवारीला मिळाली, त्याने 21 मार्चला हरकत नोंदवली आणि पाठोपाठ रस्त्याच्या तोंडाशी लोखंडी फाटक बसवले. बांधकाम विभागाचे अभियंते आता म्हणतात की हरकत मुदतीत आहे, तेव्हा संघाने नवा अर्ज द्यावा, आपण नवी नोटीस लावू. सचिवांनी विचारले आहे की सही करावी काय, आणि आधी सातबारा बदलून घ्यावा काय.

सही करू नका. बाकीच्या गोष्टी यानंतर.

खासगी रस्ता सार्वजनिक कसा होतो, हे महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या, म्हणजे पूर्वीच्या मुंबई प्रांतिक महानगरपालिका अधिनियम, 1949 च्या कलम 224 मध्ये आहे (मुंबई शहरासाठी 1888 च्या अधिनियमात कलम 306 आहे). रस्ता सपाट करून, खडी वा फरसबंदी घालून, गटारासह आयुक्तांच्या समाधानाप्रमाणे तयार झाला आणि दिव्यांची सोय झाली, की कोणाही एका मालकाच्या विनंतीवरून तो सार्वजनिक घोषित करणे आयुक्तांवर बंधनकारक होते. ही घोषणा त्या रस्त्यावर लेखी नोटीस लावून करायची असते. आपले सारे प्रकरण या कलमाच्या परंतुकावर, म्हणजे त्यातील अपवादाच्या तरतुदीवर, उभे आहे. अशी नोटीस लावल्यापासून एक महिन्याच्या आत रस्त्याच्या किंवा त्याच्या अधिक भागाच्या मालकाने महापालिका कार्यालयात हरकत नोंदवली, तर तो रस्ता सार्वजनिक होत नाही.

हरकत योग्य की अयोग्य, हे ठरवण्याचा अधिकार परंतुकाने कोणालाही दिलेला नाही. मुदतीत आलेली हरकत कितीही पोकळ असली तरी घोषणा पाडते आणि मुदतीनंतर आलेली हरकत कितीही वजनदार असली तरी या कलमाखाली तिचा उपयोग नाही. म्हणूनच महिना कोठून मोजायचा यावर सर्व काही ठरते आणि त्याचे उत्तर कलमातच आहे: नोटीस रस्त्यावर लावल्यापासून. टपाल पोचल्यापासून नव्हे. कायद्यातील महिना कॅलेंडरचा असतो, त्यामुळे 5 फेब्रुवारीला सुरू झालेली मुदत 5 मार्चला संपली आणि 21 मार्चची हरकत सोळा दिवस उशिरा आली. अभियंत्यांनी 24 फेब्रुवारीपासून मोजून ती मुदतीत बसवली, याला कलमाच्या शब्दांत मला आधार दिसत नाही. माझ्या मते रस्ता सार्वजनिक झालेला असून कलम 202 नुसार महानगरपालिकेकडे निहित झालेला, म्हणजे तिच्या ताब्यात गेलेला, आहे.

आता नव्या अर्जाचा धोका पाहा. नवी नोटीस लागली की नवा महिना सुरू होईल, मालकाचा मुलगा या वेळी दुसऱ्याच दिवशी हरकत देईल, आणि सातबारा त्याच्याच कुटुंबाच्या नावावर असल्याने ‘अधिक भागाचा मालक’ आपणच, हे म्हणणे त्याला सोपे जाईल. शिवाय आपल्याच सहीच्या अर्जावरून पहिली नोटीस निष्फळ ठरल्याची कबुली कागदावर येईल. अभियंत्यांनी हे सद्भावनेने सुचवले असेल, पण हातात आलेला हक्क आपण त्यांच्या सोयीसाठी सोडू नये.

आपली कमकुवत बाजू पुराव्याची आहे आणि ती आपण स्वतः ओढवून घेतली आहे. भिंत रंगवायची म्हणून आठ दिवसांत नोटीस काढून टाकली, असे आपण लिहिता. जिच्यासाठी पंचवीस वर्षांहून अधिक काळ वाट पाहिली ती नोटीस रंगाऱ्याच्या हातून फाडली जाते आणि शेहेचाळीस कुटुंबांपैकी एकालाही तिची प्रत ठेवावीशी वाटत नाही, हे वाचून वाईट वाटले. मधल्या वर्षांत एकही लेखी अर्ज न देता नगरसेवकांच्या तोंडी आश्वासनावर विसंबून राहणे, हीही तीच चूक होती. हे काम आयुक्तांच्या घोषणेने होते, आश्वासनाने किंवा एखाद्या ठरावाने नव्हे. नोटीस किती दिवस लावलेली असावी याबद्दल कलमात काही म्हटलेले नाही, परंतु विरोधी वकील हा मुद्दा काढतील हे गृहीत धरा.

म्हणून आजच माहिती अधिकारात नोटिशीची प्रत, ती डकवल्याचा पंचनामा, कनिष्ठ अभियंत्यांचा स्थळपाहणी अहवाल आणि हरकतीच्या आवक नोंदीची प्रमाणित प्रत मागा. उत्तरासाठी तीस दिवसांची मुदत आहे. बारनिशीतील (आवक नोंदवहीतील) शिक्का 21 मार्चचाच आहे याची खात्री करून घ्या. नोटीस आली त्या दिवशी संघाच्या व्हॉट्सॲप गटावर कोणीतरी छायाचित्र टाकले असेलच. ते ज्या फोनमधून काढले तो फोन विकू नका, गट पुसू नका, कारण भारतीय साक्ष अधिनियम, 2023 च्या कलम 63 नुसार त्यासोबत इलेक्ट्रॉनिक पुराव्याचे प्रमाणपत्र जोडावे लागेल. प्रत हाती आली की तिची शब्दरचना नीट वाचा. ‘घोषित करण्यात येत आहे’ असे असेल तर वरील सर्व मत लागू आहे, पण ‘घोषित करण्याचे प्रस्तावित असून हरकती मागवण्यात येत आहेत’ असे असेल, तर ती घोषणाच नव्हे असा युक्तिवाद होईल आणि मला मत बदलावे लागेल.

सातबाऱ्यामागे आता धावू नका. कलम 224 च्या घोषणेला फेरफार ही पूर्वअट नाही. तो मागाहून होऊ शकतो. निहित होणे म्हणजे जमिनीची संपूर्ण मालकी जाणे नव्हे, रस्त्यासाठी लागेल तेवढा पृष्ठभाग, त्याखालची माती व वरची जागा महापालिकेकडे जाते, असे सर्वोच्च न्यायालयाने 1965 मध्ये वृत्तांकित झालेल्या मंगलौर नगरपालिका विरुद्ध महादेवजी महाराज या प्रकरणात सांगितले आहे. मालकाचा मुलगा नुकसानभरपाईचा मुद्दा आणील आणि रस्त्यासाठी मोबदल्याविना जमीन घेण्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने केरळमधील सुलतान बत्तेरी नगरपालिकेच्या प्रकरणात 2022 मध्ये दिलेल्या निकालाचा आधार घेईल. आपल्याकडे त्याच्या वडिलांनीच ले-आउट मंजूर करून घेऊन, हा रस्ता दाखवून भूखंड विकले, हा फरक महत्त्वाचा आहे. मात्र तो किती पुरेल हे मंजुरीच्या अटी व खरेदीखते पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही. या रस्त्यावर महापालिकेने एकदा डांबर टाकले होते, त्याचाही पुरावा ठेवा, पण केवळ त्यावर विसंबू नका.

आयुक्तांना द्यावयाच्या निवेदनात दोनच मागण्या ठेवा: हरकत मुदतबाह्य असल्याचा लेखी निर्णय, आणि कलम 229 व 231 खाली फाटक हटवणे. उत्तर आले नाही किंवा नकारार्थी आले, तर राज्यघटनेच्या अनुच्छेद 226 खाली उच्च न्यायालयात याचिका हा मार्ग मला अधिक योग्य वाटतो. दिवाणी दावा लावायचा झाल्यास महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 487 ची एक महिन्याची पूर्वसूचना आणि सहा महिन्यांची मुदत आडवी येऊ शकते, शिवाय दिवाणी न्यायालयात अंतरिम अर्जाच्या सुनावणीलाच किती तारखा पडतात हे आपण ऐकून असालच. सहा महिने मोजावे लागलेच तर फाटक बसवल्याच्या दिवसापासून मोजा आणि तो दिवस आजच लिहून ठेवा.