ट्युलिपच्या कळ्या आणि एप्रिलमधली थंडी

प्रश्न : मी न्यू जर्सीत राहते. घराच्या दक्षिणेकडील भिंतीलगत ट्युलिप आणि डॅफोडिलचे कंद लावले आहेत. गेल्या वर्षी मार्चमधल्या उबेने रोपे लवकर वर आली आणि एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात एका रात्री पारा २५ अंश फॅरनहाइटपर्यंत उतरला. मी रोपांवर प्लास्टिक अंथरले, तरी सकाळी पाने काळवंडलेली आणि डॅफोडिल आडवे पडलेले दिसले. घाबरून मी सगळे कापून टाकले. यंदा काय करावे?

उत्तर : २५ अंश फॅरनहाइट म्हणजे उणे ४ अंश सेल्सियसच्या आसपास. एवढी थंडी ही रोपे बहुधा सोसतात, कारण कंद जमिनीत सुरक्षित असतो आणि पाने व घट्ट मिटलेल्या हिरव्या कळ्या काटक असतात. पानांची टोके पिवळी पडली तरी बिघडत नाही. जपायच्या त्या रंग दिसू लागलेल्या कळ्या आणि उमललेली फुले.

तुमच्या रोपांचे नुकसान थंडीपेक्षा प्लास्टिकने अधिक केले असावे. प्लास्टिक पानांना टेकते तिथे पान थेट गारठते. त्याऐवजी जुनी चादर किंवा पुठ्ठ्याची खोकी सूर्यास्तापूर्वी घालावीत आणि चादरीच्या कडा जमिनीला टेकवून त्यांवर दगड ठेवावेत, कारण आपल्याला राखायची असते ती दिवसभर मातीत साठलेली ऊब. माती कोरडी असेल तर दुपारीच पाणी द्यावे, कारण ओली माती अधिक ऊब धरते. निफाडचे द्राक्षबागायतदार कडाक्याच्या थंडीत पहाटे बागेला पाणी देतात, त्यामागेही उबेचेच गणित असते. सकाळी ऊन आले की आच्छादन काढावे. निरभ्र, वारा नसलेल्या रात्री हा उपाय चांगला चालतो. बोचरा वारा वाहत असेल तर त्याचा उपयोग कमी होतो. बर्फ पडला तर तो झटकू नये, कारण बर्फाचा थर हेच उत्तम पांघरूण असते.

आडव्या पडलेल्या डॅफोडिलना गोठलेल्या अवस्थेत हात लावू नये, कारण तेव्हा देठ सहज मोडतात. पारा चढला की त्यांपैकी बरेच आपोआप उभे राहतात. हायसिंथ या कंदापासून येणाऱ्या फुलझाडाचा तुरा जड असल्याने तो मात्र पुन्हा उठेलच असे नाही.

खरी चूक झाली ती पाने कापण्यात. फुले सरल्यावर हीच पाने कंदासाठी अन्न तयार करतात आणि पुढच्या वर्षीची कळी त्या साठ्यावर उन्हाळ्यात कंदाच्या आत घडते. त्यामुळे यंदा फुले कमी आली किंवा नुसतीच पाने आली तर नवल नाही. डॅफोडिल एकदोन वर्षांत सावरतील. ट्युलिपचे सांगता येत नाही, कारण त्याच्या अनेक संकरित जाती एरवीही दुसऱ्या वर्षी रोडावतात. यापुढे पाने पिवळी पडून वाळेपर्यंत ती कितीही कुरूप दिसली तरी कापू नयेत.

दक्षिणेची भिंत ऊन साठवते आणि रोपांना वेळेआधी जागे करते. येत्या शरद ऋतूत नवे कंद भिंतीपासून दूर, १५ ते २० सेंटिमीटर खोल आणि शक्यतो उशिरा फुलणाऱ्या जातींचे लावावेत. कुंड्यांमधील कंदांना जमिनीचे संरक्षण नसते, म्हणून कडक थंडीच्या रात्री त्या कुंड्या गॅरेजमध्ये हलवाव्यात.

इतके करूनही पारा फारच उतरणार असेल, तर उमललेली फुले संध्याकाळीच कापून घरात आणावीत. कापताना फक्त देठ घ्यावा, पाने राहू द्यावीत. डॅफोडिलच्या देठातून पाझरणारा चिकट रस ट्युलिपला बाधतो, म्हणून दोन्ही फुले वेगवेगळ्या भांड्यांत ठेवावीत.