ऑपरेशनच्या टेबलात डिझाइन करण्यासारखं असतं तरी काय?

प्रश्न : आमचं शिवाजी उद्यमनगरात मशीनशॉप आहे. मुलगी मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. गेल्या उन्हाळ्यात एका हॉस्पिटलचं जुनं ऑपरेशन टेबल दुरुस्तीला आलं होतं. त्याचा हायड्रॉलिकचा खांब तिनेच उघडला, सील बदलले, आणि तेव्हापासून ‘मी हीच टेबलं डिझाइन करणार’ म्हणून हटून बसलीय. टेबलात डिझाइन करण्यासारखं असतं तरी काय? तिने आता बायोमेडिकलकडे वळावं का? आणि पुण्यात लाखभर रुपये भरून थ्रीडी सॉफ्टवेअरचा कोर्स करायचा म्हणते, तो करू द्यावा का?
– एक पालक, कोल्हापूर

नमस्कार,

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण ते सोपं आहे. तो कोर्स नको. थ्रीडी मॉडेलिंग कॉलेजच्या लॅबमध्ये शिकवतात आणि सराव घरच्या कॉम्प्युटरवर होतो. सॉफ्टवेअर येणं ही या कामातली सगळ्यात कमी अडचणीची बाब आहे.

आता मूळ प्रश्न. तुम्ही रोज जॉब (मशीनवर घडवायचा तुकडा) फिक्स्चरमध्ये पकडता. जॉब हलता कामा नये, हत्यार पोचायला जागा हवी, आणि पकड सोडल्यावर जॉबवर वळ उठलेला नको. ऑपरेशन टेबलाचं काम नेमकं हेच, फक्त इथे पकडायचा आहे भूल दिलेला माणूस. झोपेत अंग अवघडलं की आपण कूस बदलतो. भुलेत ती सोय बंद. तीन-चार तास माकडहाडावर, टाचांवर, डोक्याच्या मागच्या भागावर वजन पडून राहतं. केशवाहिन्यांतला दाब साधारण ३२ मिलिमीटर पारा धरतात. गादीचा दाब त्याहून बराच जास्त आणि बराच वेळ राहिला, की तिथला रक्तपुरवठा अडतो आणि मांस मरायला लागतं. म्हणजे साधी गादी ठरवायची तरी त्यामागे हिशेब आला.

नसांचं दुखणं आणखी चमत्कारिक. हात आर्मबोर्डवर, म्हणजे हात ठेवायच्या बाजूच्या फळीवर, नव्वद अंशांच्या पलीकडे ताणला गेला तर काखेतलं नसांचं जाळं ओढलं जातं. कोपराची आतली बाजू टेबलाच्या कडेवर दाबून राहिली तर करंगळी बधिर होते. गुडघ्याखालची बाहेरची बाजू स्टिरपच्या (पाय वर धरून ठेवणाऱ्या आधाराच्या) दांड्याला टेकली तर नंतर पाऊल वर उचलता येत नाही. ऑपरेशन गर्भाशयाचं आणि घरी जाताना तक्रार पावलाची, असं होऊ शकतं.

एक उदाहरण जरा जवळून बघू. स्त्रीरोगाच्या, मूत्रमार्गाच्या बऱ्याच ऑपरेशनांत रुग्णाला लिथोटॉमी पोझिशन देतात. पाय वर स्टिरपमध्ये, आणि टेबलाचा पायाकडचा भाग खाली पाडलेला. ऑपरेशन संपल्यावर तो भाग पुन्हा वर घेतात. रुग्णाचे हात त्या वेळी अंगालगत, चादरीखाली झाकलेले असतील तर बोटं नेमकी सांध्याच्या फटीपाशी येतात. दिसत नाहीत, आणि भुलेतला माणूस ओरडत नाही. बोटं चिरडल्याचे असे प्रकार वैद्यकीय नोंदींत आहेत. आता मुलीला विचारा : फट बोट न शिरण्याइतकी अरुंद ठेवशील, की शिरलं तरी चिरडणार नाही इतकी रुंद? रुंद ठेवली तर गादीला तिथे आधार काय? मोटरवर भार वाढला की टेबल आपोआप थांबवायचं, तर जाड रुग्णाचे पाय उचलतानाही ते थांबत राहील, त्याचं काय? तासभर ती यावर तुमच्याशी वाद घालत बसली, तर या कामात तिला रस आहे असं समजा.

प्रत्येक ऑपरेशनचा हट्ट वेगळा असतो. पाठीच्या कण्यासाठी रुग्णाला पालथं झोपवतात, तेव्हा पोट दाबलं जाऊन चालत नाही. पोटातल्या मोठ्या शिरेवर दाब आला की रक्त कण्याभोवतीच्या शिरांत वळतं आणि सर्जनसमोर रक्तस्राव वाढतो. म्हणून जॅक्सन टेबलासारख्या रचनेत छाती आणि कंबर आधारावर असते, पोट मोकळं लोंबतं. दुर्बिणीतून ओटीपोटाचं ऑपरेशन करताना डोकं खाली, पाय वर असं तिरकं टेबल लागतं, म्हणजे आतडी छातीकडे सरकून जागा मोकळी होते. पण त्यांच्याबरोबर रुग्णही घसरू लागतो, आणि त्याला खांद्याशी आडवे टेकू लावून अडवलं तर पुन्हा नसा दाबल्या जातात. मोडलेली हाडं बसवताना सी-आर्म, म्हणजे ऑपरेशन चालू असताना एक्स-रे दाखवणारं सी आकाराचं यंत्र, टेबलाखाली शिरला पाहिजे. मग खांब मधोमध न ठेवता एका बाजूला घ्यावा लागतो, आणि वरच्या पाटात लोखंडी आडवी पट्टी आली की एक्स-रेत तीच दिसते. म्हणून तिथे कार्बन फायबर किंवा फिनॉलिक लॅमिनेटचा पाट वापरतात.

खांब बाजूला घेतला की तुमचा प्रांत सुरू होतो. १३५ किलोचा रुग्ण, त्याचा गुरुत्वमध्य खांबापासून ४० सेंटिमीटर बाहेर, म्हणजे खांबावर सुमारे ५३० न्यूटन-मीटरचा मोमेंट, म्हणजे वाकवणारा जोर. शिवाय खांबाच्या गाईडमध्ये १०० मिलिमीटर लांबीवर एक दशांश मिलिमीटर ढिलाई राहिली, तर मीटरभर लांब असलेल्या डोक्याकडच्या टोकाला ती एक मिलिमीटर होते. हर्नियाच्या ऑपरेशनला कुणी तिकडे बघणार नाही. मायक्रोस्कोपखाली मेंदूतली गाठ काढणारा मात्र टेबल बदला म्हणेल. तिने सील बदलले तेव्हा गाईडचं क्लिअरन्सही मोजलं होतं का, हे विचारून बघा.

म्हणून बायोमेडिकलकडे वळू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. तिसऱ्या वर्षात शाखा बदलण्याचा उपद्व्याप तर नकोच. टेबल हा मुळात मेकॅनिझम, हायड्रॉलिक्स आणि कास्टिंगचा मामला आहे. कमी आहे ती शरीराच्या माहितीची, आणि ती पदवीनंतर भरून काढता येते. त्यासाठी दोन रस्ते मला चांगले वाटतात. एक, सीईईडी ही डिझाइनची प्रवेश परीक्षा देऊन एम.डेस., म्हणजे डिझाइनमधली पदव्युत्तर पदवी. आयआयटी मुंबईतलं आयडीसी हे १९६९ पासूनचं डिझाइन शिकवणारं केंद्र आहे. ही परीक्षा जानेवारीत असते, शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना देता येते, आणि तीत हाताने रेखाटन करावं लागतं. सॉफ्टवेअरवाली मुलं तिथेच अडकतात. दुसरा, गेट देऊन क्लिनिकल इंजिनिअरिंगचं एम.टेक. आयआयटी मद्रास, वेल्लोरचं ख्रिश्चन मेडिकल कॉलेज आणि तिरुवनंतपुरमची श्री चित्रा संस्था मिळून ते चालवतात. इंजिनिअर हॉस्पिटलात उभा राहून शिकतो, म्हणून मला ते अधिक आवडतं. पात्रतेचे नियम त्या-त्या वर्षीच्या माहितीपत्रकात नीट बघा.

पण हे पुढचं. आत्ता तिने ओटी, म्हणजे ऑपरेशन थिएटर, बघायला हवी. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि सीपीआर रुग्णालय तुमच्या गावातच आहेत. कॉलेजच्या लेटरहेडवर, विभागप्रमुखांच्या सहीने, काय बघायचं आहे ते नेमकं लिहून अधिष्ठात्यांकडे रीतसर परवानगी मागावी. नाहीच मिळाली तर ओळखीच्या खासगी हॉस्पिटलात विचारावं. आणि तिथे ऑपरेशन बघत बसू नये. बघायची ती चीर देण्याआधीची वीस मिनिटं : रुग्णाला टेबलावर कोण घेतं, पोझिशन देताना किती हात लागतात, कुठे उशी नाही म्हणून चादरीची गुंडाळी सारतात, कुठल्या क्लॅम्पला चिकटपट्टी मारलेली आहे. प्रश्न सर्जनना नंतर विचारावेत, आधी वॉर्डबॉय मामा, ओटी टेक्निशियन, सिस्टर आणि भूलतज्ज्ञांना. सर्जन येतात तोवर टेबलाची बहुतेक झटापट संपलेली असते.

शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी अख्खं टेबल घेऊ नका. वर्ष ड्रॉइंगमध्येच संपेल. साइड रेलचा, म्हणजे आर्मबोर्डसारखे जोड अडकवायच्या टेबलाच्या कडेच्या पट्टीचा, क्लॅम्प घ्या. युरोपात २५ बाय १० मिलिमीटरची पट्टी चालते, अमेरिकी आणि जपानी मापं वेगळी. एकाच हॉस्पिटलात वेगवेगळ्या बनावटीची टेबलं असली की एकाचा आर्मबोर्ड दुसऱ्यावर नीट बसत नाही. वेगवेगळ्या पट्ट्यांवर घट्ट बसणारा, एका हाताने सुटणारा, आणि रक्त-औषधं साचतील अशी खाच नसलेला क्लॅम्प करणं वाटतं तितकं सोपं नाही. कोर्सचे वाचलेले पैसे इथे घाला. पॅटर्न (ओतकामाचा नमुना) तुमच्या शेजारच्या गल्लीत होईल, कास्टिंग शिरोलीत किंवा गोकुळ शिरगावात, मशिनिंग तुमच्याकडे. मोठ्या शहरातल्या विद्यार्थ्याला हीच जोडणी लावायला महिने जातात.

एक सावधगिरी. उत्साहाच्या भरात शॉपमध्ये टेबल करून ओळखीच्या डॉक्टरांना विकू नका. २०१७ चे मेडिकल डिव्हाइसेस रूल्स आहेत, आणि १ एप्रिल २०२० पासून सगळी वैद्यकीय उपकरणं औषध कायद्याच्या कक्षेत आली आहेत. विजेवर चालणाऱ्या वैद्यकीय उपकरणांच्या सुरक्षेसाठी आयईसी ६०६०१ ही आंतरराष्ट्रीय मानकांची मालिका आहे, तीत ऑपरेशन टेबलांसाठी २-४६ हा स्वतंत्र भाग आहे, धोक्यांचा विचार कसा करायचा ते आयएसओ १४९७१ सांगतं. ही दोन नावं तिने आत्ताच माहीत करून घ्यावीत. मुलाखतीत मेकॅनिकलचा उमेदवार हे बोलला की समोरचा खुर्चीत सरसावून बसतो.

नोकऱ्यांचं खरं सांगतो. निव्वळ ऑपरेशन टेबल डिझाइन करणाऱ्या जागा देशात थोड्या आहेत, आणि सुरुवातीचा पगार बरोबरच्या आयटीत गेलेल्या मैत्रिणींपेक्षा कमी असू शकतो. आयसीयूचे बेड, स्ट्रेचर, दातांच्या डॉक्टरांच्या खुर्च्या, सी-आर्म ही सगळी त्याच कुळातली कामं आहेत. पुणे, बंगळुरू, गुरुग्रामच्या मोठ्या कंपन्यांबरोबर ही उपकरणं करणाऱ्यांकडेही अर्ज करावेत. विसाव्या वर्षी एकाच वस्तूवर अडून बसू नये, एवढं तिला समजावा.

पहिली नोकरी सर्व्हिस विभागात मिळाली तर नाही म्हणू नका. टेबल कुठे मोडतं, कुठलं बटण झिजतं, वीज गेल्यावर बॅटरी खरंच किती वेळ चालते, हे तिथे जितकं कळतं तितकं डिझाइनच्या खुर्चीत बसून कळत नाही. मात्र त्या नोकरीत गावोगाव फिरणं येतं, रात्री-अपरात्री फोन येतात. त्याबद्दल घरात आत्ताच, तिच्यासमोर बोलून घ्या.