सिग्नल चार, हाती शून्य

प्रश्न : सर, मी ‘एलिट डेंजरस’ हा अंतराळ-सफरीचा गेम खेळतो. एका ग्रहावर चार बायोलॉजिकल सिग्नल (जीवसृष्टीच्या खुणा) दिसतात, म्हणून यान उतरवतो आणि भटकत बसतो. दगडधोंड्यांशिवाय काही दिसत नाही. मित्र म्हणतो, हा सगळा नशिबाचा खेळ आहे. खरंच का?
– एक वाचक, चिंचवड

उत्तर : मित्राचं मनावर घेऊ नका. नशिबाचा वाटा असतो, पण थोडा. बाकी सगळं जमीन वाचण्यावर आहे. (माझा पेशा भूगोल शिकवण्याचा, त्यामुळे हे सांगताना कॉलर जरा ताठ होते.)

तो चारचा आकडा चार रोपांचा नाही, चार प्रकारांचा आहे. आणि ते ग्रहभर विखुरलेले असतात. उतरण्याआधी कक्षेतून प्रोब (छोटे शोधक) सोडून मॅपिंग पूर्ण केलंत का? त्याशिवाय ते चार प्रकार कोणते, हेही कळत नाही. मॅपिंग झालं की प्रत्येक प्रकाराचा पट्टा नकाशावर वेगळा रंगवलेला दिसतो. फिल्टर बदलत एकेक बघा आणि जिथे दोन-तीन पट्टे एकमेकांवर येतात तिथे उतरा. रंगवलेला भाग म्हणजे ‘इथे उगवू शकतं’ एवढंच. ‘उगवलंय’ असं नव्हे.

आता गेममधला कुठला जीवप्रकार कुठे बघायचा? बॅक्टेरियम म्हणजे सड्यावरच्या दगडफुलासारखे जमिनीला चिकटलेले चपटे डाग. ग्रहाच्या अंधाऱ्या बाजूला गेलात तर त्यावर पाय देऊनही कळणार नाही, म्हणून उजेडाची बाजू धरा. स्ट्रॅटमही जमिनीलगत पसरतं, ते सपाट माळावर शोधा. टसॉक म्हणजे गवताचे झुबके. ओसियस मात्र खडकाळ उतारांवर मिळतं, तिथे पायी दमछाक होते. एकूणच पायपीट शेवटी ठेवा. आधी यान अगदी खालून, सावकाश फिरवा; वरून दिसलं की मगच उतरा.

सापडल्यावर पुढची गंमत. नमुना पायी चालतच घ्यावा लागतो, अंगात आर्टेमिस हा जीवसंशोधनाचा सूट आणि हातात जेनेटिक सँपलर हे नमुने घेण्याचं यंत्र घेऊन. एकाच जातीचे तीन नमुने लागतात आणि तेही एकमेकांपासून किमान ठरावीक अंतरावरचे : टसॉकसाठी 200 मीटर, बॅक्टेरियमसाठी 500, ओसियससाठी 800. तीन पुरे व्हायच्या आत मध्येच दुसऱ्या जातीला सँपलर लावलात की आधीचे नमुने पुसले जातात. वाटेत काहीतरी सुंदर दिसतं आणि हात शिवशिवतो. आवरा.

ही माहिती व्हिस्टा जीनोमिक्स या गेममधल्या कंपनीकडे विकायची. स्ट्रॅटम टेक्टोनिकास या स्ट्रॅटमच्या जातीला 1 कोटी 90 लाख क्रेडिट मिळतात आणि त्या ग्रहावरची पहिली नोंद तुमची असेल तर पाचपट. पण विकण्याआधी मेलात तर सगळं पाण्यात. दूरच्या सफरीवरून परतताना स्टेशनच्या दारात घाई करून यान आपटणारे मी कमी पाहिलेले नाहीत.

प्रश्न : सर, माझा मुलगा बारावीला आहे. परीक्षा तोंडावर असताना रात्री गेममध्ये परग्रहावरचे जीव शोधत बसतो आणि ‘आई, शास्त्रज्ञही असंच करतात’ म्हणून मलाच गप्प करतो. त्याचं खरं आहे का?
– एक आई, नागपूर

उत्तर : ताई, अर्धं खरं आहे. एकाच नमुन्यावर विश्वास ठेवायचा नाही, ही गेममधली अट खऱ्या विज्ञानाचीच. 1976 साली वायकिंग यानं मंगळावर उतरली. तिथल्या मातीत त्यांनी किरणोत्सारी कार्बन मिसळलेलं पोषक द्रव टाकलं. सूक्ष्मजीव असतील तर ते खातील आणि वायू सोडतील, असा हिशेब. वायू आला! माती आधी 160 अंशांवर तापवली तर तो आला नाही, हेही जीवसृष्टीच्या बाजूनं. पण त्याच मातीत दुसऱ्यांदा द्रव टाकल्यावर नव्यानं वायू निघेना, आणि शेजारच्या उपकरणाला मंगळाचे म्हणावेत असे सेंद्रिय रेणूही मिळेनात. बहुतेकांनी तो मातीच्या रसायनाचा खेळ मानला. पुढे 2008 साली फीनिक्स यानाला मंगळाच्या मातीत परक्लोरेट सापडलं. ते तापवलं की सेंद्रिय रेणू नष्ट करतं, म्हणजे ते उपकरणही बिनचूक साक्षीदार ठरलं नाही. वाद अजून मिटलेला नाही. 2024 साली पर्सिव्हरन्स या रोव्हरला जेझेरो विवरात बिबट्यासारखे ठिपके असलेला खडक सापडला, त्यालाही शास्त्रज्ञ ‘संभाव्य खूण’ म्हणूनच थांबतात.

चिरंजीवांना विचारा : गेममध्ये ‘इथे चार आहेत’ हे कक्षेतूनच कळतं, मंगळावर तो आकडा कोण देणार? खरं काम तिथूनच सुरू होतं, आणि त्याला बारावीचं रसायनशास्त्र लागतं. गेम बंद करायला लावू नका. परीक्षा संपेपर्यंत फक्त रविवारी, एवढं ठरवून घ्या.

प्रश्न : ‘एलिट डेंजरस’मध्ये निळ्या समुद्रांचा, अगदी पृथ्वीसारखा ग्रह सापडला, पण यान उतरतच नाही. वेगळं काही घ्यावं लागतं का?
– एक वाचक, मडगाव

उत्तर : काही घेऊ नका, उपयोग नाही. 2021 साली आलेल्या ‘ओडिसी’ या गेमच्या विस्तारानंतरही वातावरण नसलेल्या किंवा अगदी विरळ असलेल्या ग्रहांवरच उतरता येतं. जिथे जीवसृष्टी सगळ्यांत जास्त शोभली असती तिथेच बंदी, हे मलाही पटत नाही. तरी प्रोब टाकून मॅपिंग करा आणि ती माहिती युनिव्हर्सल कार्टोग्राफिक्स या गेममधल्या नकाशा-कंपनीला विका. असल्या ग्रहाला भाव चांगला मिळतो.