लाकडी बाणावर ब्रॉडहेड (धारदार पात्यांचं टोक) सरळ बसत नाही, फिरवलं की टोक डगमगतं. काय करावं?

तुम्ही लिहिलंय की साध्या टोकाचे बाण नीट लागतात, पण त्याच काड्यांवर ब्रॉडहेड चिकटवलं की बाण भलतीकडे जातो आणि गोंद बदलूनही फरक पडत नाही. गोंद बदलून पडणारही नाही. माझ्या मते दोष बहुतेक वेळा लाकडाच्या निमुळत्या टोकात असतो.

साधं टोक जरा वाकडं असलं तरी खपून जातं. ब्रॉडहेडची पाती मात्र हवा कापतात. ती किंचित जरी कलली तरी बाणाला पुढून वळवतात आणि मागची पिसं त्याला सरळ करायला धडपडतात.

म्हणून आधी काडी सरळ करा, मगच टोक तासा. ब्रॉडहेडसाठी ५ अंशांचा उतार लागतो; ११ अंशांचा असतो तो मागच्या नॉकचा, म्हणजे दोरीत अडकणाऱ्या खाचेचा, त्यात गफलत करू नका. पेन्सिलच्या शार्पनरसारखं हत्यार वापरत असाल तर त्याचं भोक काडीच्या जाडीचंच हवं. ११/३२ इंची भोकात ५/१६ इंची काडी घातली की ती आत हलते आणि उतार एका बाजूला जातो. सॅंडिंग डिस्क (फिरती घासणारी चकती) आणि कोनाचा जिग (काडी ठरावीक कोनात धरणारा साचा) मिळाला तर मी तोच निवडेन, काम फार स्वच्छ होतं.

आता गोंद न लावता बसवून बघा. तासलेल्या भागावर मऊ पेन्सिल घासा, ब्रॉडहेड घट्ट दाबून थोडं फिरवा आणि काढा. शिसं सगळीकडे सारखं पुसलं गेलं तर बैठक चांगली. एखाद्याच कड्यावर पुसलं असेल तर कोन जुळत नाही. एकाच बाजूला पुसलं असेल तर उतार तिरका आहे. कधी कधी लाकडाचं टोक आत तळाला टेकतं आणि बाजू सैल राहतात. अशा वेळी टोक १-२ मिमी कापायचं. फट गोंदाने भरून काढायचा मोह टाळा, लक्ष्यावर दोन-चारदा आपटलं की ती बैठक सुटते.

चिकटवताना ब्रॉडहेडच्या आतलं तेल ॲसिटोनने पुसा आणि ते पूर्ण उडून जाऊ द्या, मगच ज्योत पेटवा. तासलेल्या भागावर वॉर्निश नको. मी हॉट मेल्ट (उष्णतेने वितळणारा गोंद) वापरतो, कारण गरम करून पुन्हा काढता येतं. ब्रॉडहेड पकडीत धरा आणि फक्त लाकडावर बसणारी नळी तापवा. पात्यावर निळसर झाक आली तर पोलादाचं पाणी उतरलं, मग धार टिकत नाही. बसवताना टोक लाकडी फळीवर टेकवून काडी दाबा. हाताने पातं दाबायचं नाही, कधीच नाही.

थंड झाल्यावर टोक फळीवर टेकवून बाण भोवऱ्यासारखा फिरवा आणि लाकूड व धातू मिळतात तिथे नजर ठेवा. थरथर दिसली तर काडीवर आणि नळीवर समोरासमोर एकेक खूण करा, गरम करून ब्रॉडहेड पाव फेरा वळवा, पुन्हा बघा. फुगणारी बाजू काडीच्या खुणेपाशीच राहिली तर उतार पुन्हा तासा. ती ब्रॉडहेडबरोबर सरकली तर ब्रॉडहेडच वाकडं आहे, ते बाजूला ठेवा.

पाती उभी की आडवी यावर लोक फार वाद घालतात. बाण हवेत फिरतच जातो, त्यामुळे उडण्यात फरक पडत नाही. वजन मात्र सरावाच्या टोकाइतकंच हवं: १२५ ग्रेन, म्हणजे सुमारे ८.१ ग्रॅम, तर दोन्हीकडे तेवढंच.

आणखी एक: पूर्ण ताणल्यावर पात्याची मागची कड धनुष्य धरलेल्या बोटांच्या किमान इंचभर पुढे राहील, एवढी काडी लांब ठेवा. प्रत्येक वेळी मारण्याआधी नळीच्या लगेच मागे काडी हलकेच वाकवून बघा. लाकूड बहुधा तिथेच तडकतं, आणि तडकलेला बाण पुन्हा दोरीला लावायचा नाही.