वाचकांचे प्रश्न : जुन्या संगणकातल्या अनोळखी वायरी

प्रश्न : मी नुकताच एक जुना कमोडोर ६४ हा घरगुती संगणक घेतला. विकणाऱ्याकडे तो दुसऱ्या कुणाकडून आला होता, त्यामुळे त्याला काहीच सांगता आलं नाही. मागच्या बाजूला भोकं पाडून एक लाल बटण आणि दोन छोटे स्विच बसवले आहेत. आत वायरी गरम गोंदाने चिकटवल्या आहेत आणि एका चिपच्या जागी कागद लावलेली, थोडी लांब अशी वेगळीच चिप आहे. चालू केल्यावर पडद्यावर कधी ३८९११ बाइट रिकामे दिसतात, कधी ३०७१९. मला तो कारखान्यातून निघाला तसा करायचा आहे. सगळ्या वायरी कापून टाकल्या तर चालेल का?

उत्तर : कापू नका. आधी एक काळजीची गोष्ट, कारण तुम्ही तो चालू करून पाहिला आहे. सोबत मूळचा वीजपुरवठ्याचा ठोकळा आला असेल, तर तो पुन्हा लावण्याआधी मोजा. त्यातून ५ व्होल्ट डीसी आणि ९ व्होल्ट एसी अशी दोन प्रकारची वीज निघते. आतला व्होल्टेज स्थिर ठेवणारा रेग्युलेटर बिघडला की ५ व्होल्टची रेषा वर चढते आणि मेमरीच्या चिपा जळतात. ५.२५ च्या वर आकडा दिसला तर तो ठोकळा कायमचा बाजूला ठेवा. थंड असताना बरोबर दाखवून तापल्यावर वर जाणारेही ठोकळे असतात, म्हणून मी स्वतः जुना ठोकळा वापरतच नाही. नवा, चांगल्या बनावटीचा घेते.

आता मूळ प्रश्न. तुमच्या पत्रातला सगळ्यात मोलाचा भाग म्हणजे ते दोन आकडे. ३८९११ मधून ३०७१९ वजा करा : ८१९२. म्हणजे नेमके ८ किलोबाइट. मेमरीची चिप खराब असती तर इतका नेमका आकडा दर वेळी तोच आला नसता. या यंत्राच्या कार्ट्रिज पोर्टवर, म्हणजे खेळाची किंवा प्रोग्रॅमची डबी खोचायच्या खाचेवर, एक्सरॉम नावाची रेषा आहे. ती ग्राउंडला जोडली गेली की यंत्राला वाटतं, ८ किलोबाइटचं कार्ट्रिज लावलंय. मग ३२७६८ या पत्त्यापासूनची जागा ते कार्ट्रिजसाठी सोडतं आणि बेसिक या प्रोग्रॅमिंगच्या भाषेला तेवढी कमी मेमरी मिळते. तुमचा एक स्विच हेच करतो आहे, याबद्दल माझी जवळजवळ खात्री आहे.

कुणी असं का करावं? कमोडोर ६४ ला मुळात रीसेटचं बटण नव्हतं. ते बसवणं ही घराघरांत होणारी सगळ्यात साधी दुरुस्ती. पण काही खेळ शहाणे होते. ते मेमरीत ३२७७२ पासून ‘सीबीएम८०’ ही पाच अक्षरं लिहून ठेवत. रीसेट झाल्यावर यंत्र आधी ती अक्षरं शोधतं, आणि सापडली की ताबा परत खेळाकडेच देतं. एक्सरॉम ग्राउंड केली की ती अक्षरं झाकली जातात आणि माणूस बेसिकमध्ये बाहेर पडतो, खेळाचा बराचसा कोड मेमरीत तसाच शाबूत. म्हणजे तुमचं लाल बटण आणि हा स्विच ही जोडी आहे. तुमच्या आधीचा मालक खेळाच्या पोटात शिरून पाहणारा होता. मला अशी माणसं फार आवडतात, म्हणून हे जरा सविस्तर सांगितलं.

खात्री अशी करा. वीज बंद, सगळं काढलेलं. मल्टिमीटर बीपवर ठेवा. एक टोक स्विचच्या पायाला, दुसरं कार्ट्रिज पोर्टच्या वरच्या रांगेतल्या ९ नंबरच्या संपर्काला. बीप वाजली की झालं. लाल बटणाचा एक पाय ग्राउंडला आणि दुसरा यूजर पोर्टच्या ३ नंबरला वाजायला हवा. तिथे नाही वाजला तर ६५१० प्रोसेसरचा ४० नंबरचा पाय तपासा. रेषा तीच आहे, फक्त वायर दुसऱ्या जागी डकवलेली असते.

दुसरा स्विच त्या लांब चिपचा असणार. कागदाखाली काचेची खिडकी आहे आणि ती चिप ईप्रॉम, म्हणजे पुसून पुन्हा लिहिता येणारी चिप, आहे. तो कागद उचकटू नका, अतिनील प्रकाशाने आतला मजकूर पुसला जातो. मूळ कर्नल रॉम (यंत्राचा पायाभूत प्रोग्रॅम असलेली चिप) २४ पायांची, ही २८ पायांची, म्हणून ती लांब दिसते. चिप २७१२८ असेल तर तिच्यात १६ किलोबाइट मावतात, म्हणजे ८-८ च्या दोन कर्नल : बहुधा एक मूळ आणि एक डिस्क भराभर वाचणारी. स्विचचा मधला पाय चिपच्या २६ नंबरला जात असेल, तर कोणती कर्नल हे तोच ठरवतो. दोन्ही बाजूंना स्विच ठेवून चालू करा आणि बेसिकमध्ये प्रिंट पीक(६५४०८) ही आज्ञा देऊन पाहा. मूळ कर्नलच्या शेवटच्या आवृत्तीत उत्तर ३ येतं. त्याआधीच्या दोन आवृत्त्यांत ० आणि १७० येतं.

आता काढण्याबद्दल. एक्सरॉमचा स्विच आणि रीसेटचं बटण बिनधास्त काढता येतं, या फक्त वरून जोडलेल्या वायरी आहेत. जुन्या डाखावर आधी थोडा ताजा डाख द्या, तो वितळला की वायर अलगद उचला. ओढू नका, बोर्डावरची तांब्याची पट्टी वायरीबरोबर निघून येते. गरम गोंदाच्या कडेला आयसोप्रोपिल अल्कोहोलचा थेंब सोडा, मिनिटभरात तो आपणच सुटतो.

ईप्रॉमचं मात्र वेगळं आहे. मूळ रॉम हाती नसेल तर ती चिप काढून तुम्ही यंत्र मुकं कराल. तोवर २६ नंबरचा पाय मूळ कर्नलच्या बाजूला कायमचा जोडा आणि स्विच काढा. यंत्र मूळ कर्नलवर चालेल आणि पुढे खरी रॉम मिळाली की परत फिरता येईल.

प्रत्येक वायर काढण्याआधी फोटो, वहीत एक ओळ, आणि काढल्यावर यंत्र चालू करून पाहणं. एका बैठकीत एकच बदल. शिवाय बोर्डाच्या मागच्या बाजूला भिंगाने नीट बघा : ब्लेडने कापलेली एखादी पट्टी दिसते का? सॉकेटबाहेर वाकवलेला एखादा पाय आहे का? वायर काढली आणि कापलेली पट्टी तशीच राहिली, तर यंत्र चालणार नाही. दुरुस्ती उलटवणं म्हणजे वायर काढणं अधिक तुटलेलं जोडणं.

आणि प्रत्येक वेडीवाकडी वायर मालकाचीच नसते. सुरुवातीच्या काळात माझ्याकडे झेडएक्स स्पेक्ट्रम या दुसऱ्या जुन्या घरगुती संगणकाचा एक दुसऱ्या आवृत्तीचा बोर्ड आला होता. प्रोसेसरच्या पायांवर एक ट्रान्झिस्टर लोंबकळत होता, कोळ्यासारखे पाय पसरून. कुणीतरी केलेली ओबडधोबड दुरुस्ती समजून मी तो काढला. यंत्र पुन्हा नीट चालेना. दोन दिवसांनी तसाच दुसरा बोर्ड पाहायला मिळाला, त्यावरही तो ट्रान्झिस्टर तिथेच. तो कारखान्यातच लावलेला होता. पहिल्या आवृत्तीत तर अख्खी चिप उलटी चिकटवलेली सापडते, तीही कारखान्याचीच. तेव्हापासून दुसऱ्या बोर्डाचे फोटो शेजारी ठेवल्याशिवाय मी काहीच काढत नाही.

प्रश्न : माझ्या स्पेक्ट्रमच्या टीव्ही मॉड्युलेटरमधल्या (चित्र टीव्हीच्या अँटेनासाठी बदलून देणाऱ्या डबीतल्या) दोन वायरी सुटलेल्या आहेत आणि आतला रेझिस्टर कापलेला आहे. हे मोडलेलं आहे की मुद्दाम केलेलं?

उत्तर : मुद्दाम केलेलं. एक वायर ५ व्होल्टची, दुसरी चित्राची. चित्राची वायर थेट मागच्या सॉकेटच्या मधल्या टोकाला नेलेली असेल, म्हणजे आता तिथून कंपोझिट व्हिडिओ बाहेर येतो. टीव्हीच्या अँटेनाच्या भोकात नाही, पिवळ्या कंपोझिट सॉकेटमध्ये लावा. हा बदल मी काढायला सांगणार नाही, चित्र मूळपेक्षा स्वच्छ येतं. फक्त सुटलेली ५ व्होल्टची वायर उघडी आहे का ते आजच पाहा. असेल तर तिच्या टोकावर उष्णतेने आवळणारी नळी चढवा.